चौथा कॅमेरा सुरू होत नाही : दोन जीबी रॅम मोकळी, तरी कर्नल म्हणतो मेमरी नाही

हिंगणा_लाइन

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. संत्र्याच्या प्रतवारीची यंत्रं दुरुस्त करतो, कधी नवीही बसवतो. सध्या हातात असलेली लाइन जुनी आहे. फळ रोलरवरून गोल फिरत पुढे जातं, वरचे कॅमेरे फोटो घेतात आणि व्यास व सालीचा रंग पाहून फळ कुठल्या कप्प्यात पडायचं ते ठरतं. मालकांना तीन लेनच्या चार करून हव्या आहेत, म्हणून चौथा कॅमेरा जोडला. आंबिया बहाराचा माल नागपूरच्या कळमना बाजारात उतरायच्या आत लाइन उभी राहायला हवी.

संगणकात ४ जीबी रॅम, ३२ बिट लिनक्स, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.२. कॅमेऱ्यांची चित्रं संगणकात घेणाऱ्या ग्रॅबर कार्डाचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट बायनरी स्वरूपात मिळाला आहे, सोर्स नाही. त्यामुळे कर्नल बदलायची सोय नाही. तीन कॅमेरे अगदी व्यवस्थित चालतात. चौथा सुरू केला की प्रोग्रॅम 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणून थांबतो. त्याच वेळी 'फ्री' चालवलं तर दोन जीबीच्या वर मेमरी मोकळी दिसते. केबल बदलली, कॅमेऱ्यांची अदलाबदल केली. कुठलेही तीन चालतात, चौथा कुठलाही चालत नाही. मोकळी मेमरी समोर दिसत असताना ती मिळत का नाही?

सीताबर्डीकर

भाऊ, ४ जीबी आजच्या काळात कमीच आहे. ८ किंवा १६ करा आणि पीएई कर्नल टाका, मग ३२ बिटमध्येही ६४ जीबीपर्यंत रॅम दिसते. बर्डीवर जुन्या डीडीआर२ पट्ट्या अजून मिळून राहिल्या आहेत.

अंबाझरी६४

रॅम घेऊ नका. इथे ती उपयोगी पडणार नाहीच, उलट अडचण वाढण्याची शक्यता आहे. कारण सांगतो.

३२ बिटमध्ये पत्ते एकूण ४ जीबीचेच. लिनक्स त्यातले खालचे ३ जीबी चालू प्रोग्रॅमला देतो आणि वरचा १ जीबी स्वतःकडे ठेवतो. पीएईमुळे प्रोसेसरला ३६ बिटांचे भौतिक पत्ते मिळतात हे खरं, पण कर्नलची ती १ जीबीची खिडकी तेवढीच राहते. या १ जीबीपैकी ८९६ एमबीवर रॅमचा सुरुवातीचा भाग थेट, कायमचा मॅप केलेला, म्हणजे पत्त्यांशी जोडलेला असतो. त्याला लोमेम म्हणतात. उरलेल्या १२८ एमबी पत्त्यांमध्ये बाकी सगळं बसवायचं : व्हीमॅलॉक (विखुरलेली पानं सलग पत्त्यांवर मांडून दिलेली मेमरी), आयओरीमॅप (उपकरणांच्या मेमरीला पत्ते), हायमेमची म्हणजे लोमेमच्या वरच्या रॅमची पानं तात्पुरती मॅप करायची जागा.

आता रॅम वाढवली की काय होतं ते बघा. रॅमच्या प्रत्येक ४ केबी पानासाठी कर्नल एक नोंद ठेवतो, 'स्ट्रक्ट पेज'. ३२ बिटवर ती साधारण ३२ बाइटची. १६ जीबी रॅम म्हणजे चाळीस लाखांवर पानं, म्हणजे १२८ एमबी नुसत्या नोंदी. आणि त्या लोमेममध्येच राहतात. ६४ जीबी लावली तर ५१२ एमबी, म्हणजे अर्ध्याहून अधिक लोमेम नोंदींतच गेली. मोठ्या रॅमची ३२ बिट सर्व्हर यंत्रं हायमेम मोकळी असतानाही लोमेम संपून कोसळत, ती यामुळेच. इंगो मोल्नार यांनी २००३ मध्ये ४जी/४जी पॅच लिहिला, तो या दुखण्यावरच. कर्नलला जवळजवळ पूर्ण ४ जीबीची वेगळी खिडकी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ३ च्या 'ह्यूजमेम' कर्नलमध्ये तो होता. किंमत मात्र मोठी : प्रत्येक सिस्टिम कॉलला पेज टेबल (पत्त्यांचा तक्ता) बदलायचं आणि टीएलबी (त्या तक्त्यातल्या नोंदींची प्रोसेसरमधली प्रत) रिकामा करायचा.

हिंगणा भाऊ, तीन कॅमेरे चालू असताना '/प्रॉक/मेमइन्फो' मधल्या व्हीमॅलॉकच्या तीन ओळी इथे टाका. फ्रेमचा आकार आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे बफर (फ्रेम साठवायच्या जागा) किती तेही सांगा. आणि 'डीमेसेज' मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, शेवटी काय छापलं आहे?

हिंगणा_लाइन

व्हीमॅलॉकटोटल : १२२८८० केबी
व्हीमॅलॉकयूज्ड : ११७४५२ केबी
व्हीमॅलॉकचंक : ३१४० केबी

फ्रेम २०४८ बाय १५३६, आरजीबी, पिक्सेलला ३ बाइट. प्रत्येक कॅमेऱ्याला ४ बफर. 'डीमेसेज' मध्ये व्हीमॅप अलोकेशन फसलं, व्हीमॅलॉकचा आकार वाढवा अशा अर्थाची ओळ आहे. ती मी रॅमबद्दलच समजत होतो.

अंबाझरी६४

मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २०४८ × १५३६ × ३ म्हणजे एक फ्रेम बरोबर ९ एमबी, ९२१६ केबी. व्हीमॅलॉक प्रत्येक वाटपाच्या शेवटी एक रिकामं राखणदार पान ठेवतो, म्हणून पत्त्यांच्या हिशेबात ९२२० केबी. तीन कॅमेऱ्यांचे १२ बफर झाले ११०६४० केबी. ११७४५२ मधून ते वजा केले तर बाकीच्या कर्नलने व्हीमॅलॉकमधले जेमतेम ६८१२ केबी घेतलेत. शिल्लक ५४२८ केबी. त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा ३१४० केबी, तोच 'चंक'. चौथ्या कॅमेऱ्याचा पहिलाच बफर ९ एमबीचा. तो मावणार कुठे?

म्हणजे रॅम आहे, पण ती ठेवायला कर्नलच्या भागात पत्तेच शिल्लक नाहीत. 'फ्री' भौतिक पानं मोजतो, पत्ते मोजत नाही. 'फ्री -एल' चालवा, लो आणि हाय वेगळे दिसतील. तुमची मोकळी मेमरी बहुतेक सगळी हायमध्ये असेल.

एक लक्षात ठेवा. व्हीमॅलॉकयूज्डवर इतका भरवसा ठेवता येतो तो तुमचा कर्नल जुना आहे म्हणून. हिशेब महाग पडतो या कारणाने ४.४ मध्ये तो काढला, आणि पुढची काही वर्षं त्या ओळीत शून्यच छापलं जायचं. ५.३ मध्ये खरा आकडा परत आला. मधल्या आवृत्त्यांवर काम करणाऱ्यांनी '/प्रॉक/व्हीमॅलॉकइन्फो' वाचावं. कुठल्या फंक्शनने किती घेतलं ते ओळीओळीने दिसतं, रूट म्हणून उघडावं लागतं एवढंच.

वर्धेकर

मी शिकतो आहे, म्हणून मुळातला प्रश्न विचारतो. व्हीमॅलॉकची जागा इतकी तुटपुंजी आहे, तर ड्रायव्हर केमॅलॉकने लोमेममधून का घेत नाही? तिथे तर ८९६ एमबी आहे.

अंबाझरी६४

चांगला प्रश्न आहे, जरा सावकाश सांगतो.

केमॅलॉकला भौतिक रॅममध्येही सलग पानं लागतात. त्याच्या खाली बडी अलोकेटर असतो. तो पानं दोनच्या घातांत ठेवतो : ऑर्डर ० म्हणजे ४ केबी, ऑर्डर १ म्हणजे ८ केबी, असं चढत ऑर्डर १० म्हणजे ४ एमबी. एक्स८६ वर तिथे छत. ९ एमबी केमॅलॉकने मिळतच नाही, रॅम कितीही असो. आणि छताच्या आतही परिस्थिती सारखी नसते. ऑर्डर ३ पर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंत, कर्नल जिवाचा आटापिटा करून पानं मिळवून देतो. त्यावरच्या मागणीला तो 'महाग' समजतो आणि सरळ नाही म्हणू शकतो. यंत्र जितकं जास्त दिवस चालू, तितकी मोठ्या ऑर्डरची पानं दुर्मीळ. '/प्रॉक/बडीइन्फो' मध्ये डावीकडचे आकडे फुगलेले आणि उजवीकडे शून्यं दिसली की समजायचं, रॅम आहे पण विखुरलेली आहे.

विदर्भ एक्स्प्रेसच्या डब्यात तीस बर्थ रिकामे आहेत, पण दहा जणांना ओळीने हवेत. केमॅलॉकचा हट्ट तो. व्हीमॅलॉक कुठलेही दहा रिकामे बर्थ घेतो आणि कागदावर त्यांना १ ते १० असे सलग क्रमांक देतो. हिंगणा भाऊंकडे बर्थ शेकड्यांनी रिकामे आहेत, क्रमांक संपले आहेत.

मधला मार्ग ४.१२ मध्ये, २०१७ साली आला : केव्हीमॅलॉक. आधी केमॅलॉकने बघतो, मोठी मागणी असेल आणि सलग मिळत नसेल तर व्हीमॅलॉककडे वळतो. त्याआधी निरनिराळ्या ड्रायव्हरांत आणि फाइल सिस्टिमांत लोकांनी हेच आपापल्या परीने लिहिलेलं होतं.

बुटीबोरी_रात्रपाळी

'युलिमिट -व्ही' पाहिलं का? आमच्याकडे एकदा प्रोग्रॅमच्या आभासी मेमरीवर मर्यादा घातलेली निघाली होती. संदेश हाच यायचा.

धरमपेठची_लेक

संदेश तोच येतो, कारण दोन्हीकडून परत येणारा कोड एकच, ईनोमेम, म्हणजे १२. तो कुठल्या पायरीवर आला हे 'एसट्रेस'ने (प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) पाहिलं की भांडण मिटतं. व्ही४एल२ मध्ये (लिनक्सची कॅमेरा-व्यवस्था) आधी 'रेकबफ्स' हा आयओसीटीएल (ड्रायव्हरला द्यायची आज्ञा) येतो, तिथे ड्रायव्हर कर्नलमध्ये बफर बनवतो. मग 'क्वेरीबफ', आणि त्यानंतर 'एममॅप', जिथे तेच बफर प्रोग्रॅमच्या पत्त्यांत दिसायला लागतात. 'युलिमिट -व्ही' ची मर्यादा या एममॅपला लागते. चूक रेकबफ्सवरच आली असेल तर दोष कर्नलच्या बाजूचा.

हाच फरक 'ओव्हरकमिट'लाही लागू आहे. 'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी' २ केलं की कर्नल प्रोग्रॅमांना दिलेल्या वचनांची बेरीज ठेवतो. मर्यादा म्हणजे स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के, बदललं नसेल तर. ती प्रोग्रॅमांसाठी आहे. व्हीमॅलॉकच्या पत्त्यांशी तिचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट, ती फार जण विसरतात. रेकबफ्सला ४ मागितले तरी ड्रायव्हर ३ किंवा २ देऊ शकतो, आणि तसं करणं नियमाला धरून आहे. किती मिळाले तो आकडा त्याच स्ट्रक्चरमध्ये परत येतो. तो वाचायलाच हवा.

हिंगणा_लाइन

ताई, एसट्रेस चालवलं. रेकबफ्सवरच १२ येतोय, एममॅपपर्यंत गाडी जातच नाही. 'युलिमिट -व्ही' अनलिमिटेड आहे. 'फ्री -एल' मध्येही मोकळी मेमरी जवळजवळ सगळी हायमध्येच.

आता उपाय? ग्रबमध्ये (कर्नल सुरू करणारा बूट लोडर) 'व्हीमॅलॉक=२५६एम' टाकू का?

अंबाझरी६४

टाका, चालेल. लोमेम ८९६ वरून ७६८ एमबी होईल आणि व्हीमॅलॉकटोटल २४८ एमबीच्या आसपास दिसेल. तुमची गरज १६ × ९२२० अधिक ६८१२, म्हणजे १५४३३२ केबी. आरामात बसतं. ५१२ वगैरे करू नका. तेवढी लोमेम कमी होते, आणि आयनोड आणि डेंट्री (फाइलींच्या नोंदी), पेज टेबलांचा काही भाग, नेटवर्कचे बफर सगळे लोमेममधूनच जगतात. जुना ग्रब १ असेल तर 'अपरमेम ५२४२८८' ही ओळही लागते. नाहीतर तो इनिटआरडी (बूट होताना लागणारी सुरुवातीची फाइल) लोमेमच्या वर नेऊन ठेवतो आणि कर्नलला ती सापडत नाही.

धरमपेठची_लेक

काका, माझं इथे वेगळं मत आहे आणि ते नेटाने मांडते. पॅरामीटर वाढवून आज लाइन चालेल, पण मुळात कर्नलमध्ये आरजीबी ठेवायचंच कशाला? कॅमेऱ्याचा सेन्सर बायर पॅटर्नचा असणार, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, पिक्सेलला एक बाइट. त्याचं आरजीबी नंतर बनतं. म्हणजे कर्नलच्या सर्वांत दुर्मीळ जागेत आपण तिप्पट फुगवलेला माल ठेवतो आहोत. ड्रायव्हरला बायर फॉरमॅट मागा. फ्रेम ३ एमबीची होईल, राखणदार पान धरून ३०७६ केबी. सोळा बफर ४९२१६ केबी. बाकीचे ६८१२ मिळवले तरी ५६०२८. आहे त्याच १२० एमबीत निम्म्याहून कमी! रंगाचं रूपांतर प्रोग्रॅममध्ये करा, तिथे प्रत्येक प्रोसेसला ३ जीबी पत्ते पडून आहेत.

संत्र्याचा व्यास तर एका बाइटवरच मोजता येतो. रंगासाठी फळाच्या भागापुरतंच रूपांतर केलं तरी पुरतं.

अंबाझरी६४

मान्य. ड्रायव्हर बायर देत असेल तर हाच उपाय पहिला, माझा दुसरा. पॅरामीटरचा फायदा एवढाच की कोडला हात लावावा लागत नाही.

मुक्तबीएसडी

हा प्रश्न लिनक्सपुरता नाही, म्हणून बीएसडीकडची (युनिक्सच्या वंशातल्या दुसऱ्या प्रणाली) बाजू लिहितो.

फ्रीबीएसडीच्या आय३८६ वर कर्नलचे पत्ते बरीच वर्षं १ जीबीच होते. फाइलचे बफर त्याच जागेत मॅप करावे लागत, म्हणून बफर किती असावेत ('एनबफ') हे यंत्र सुरू होतानाच ठरायचं आणि 'मॅक्सबीकॅश'ने त्यावर झाकण घातलेलं असायचं. रॅम दुप्पट केली म्हणून बफरची जागा दुप्पट होत नसे. ३२ बिट यंत्रावर झेडएफएस ही फाइल सिस्टिम लावणाऱ्यांना 'केमेम_मॅप टू स्मॉल' हे पॅनिक (कर्नल कोसळणं) चांगलंच आठवत असेल. 'व्हीएम.केमेम_साइज' हाताने ठरवल्याशिवाय यंत्र टिकत नसे.

पुढे १०.० मध्ये, जानेवारी २०१४ ला, अनमॅप्ड बफर आले. मला ती फार सुंदर सुधारणा वाटते. डिस्कवरून आलेलं पान कर्नलला स्वतः वाचायचंच नसेल, नुसतं डीएमएने (उपकरण प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहितं) आणून प्रोग्रॅमला द्यायचं असेल, तर त्याला कर्नलचा पत्ता द्यायचाच कशाला? पत्ते वाचले. शिवाय प्रत्येक मॅपिंग मोडताना सगळ्या कोरांना टीएलबी पुसायला सांगावं लागतं, तेही टळलं, म्हणून ६४ बिटवरसुद्धा वेग वाढला. धरमपेठच्या ताई म्हणतात ते याच वाटेवरचं आहे : कर्नलला जे बघायचं नाही ते त्याच्या पत्त्यांत ठेवू नका.

ओपनबीएसडीत 'कर्न.बफकॅशपर्सेंट' असतं, रॅमचा किती टक्के भाग बफर कॅशला द्यायचा ते. तिथे मात्र मर्यादा पत्त्यांची नसून भौतिक पानांची. दोन्ही मर्यादांची गल्लत करू नये.

वऱ्हाडी_एम्बेडेड

मी एक जोडतो, हे आमच्या शेडमधी पाहिलेलं आहे. प्रोग्रॅम दर पाळीला बंद करून पुन्हा सुरू करून राहिले असाल तर ते बंद करा. दर वेळी बफर सुटतात, मधी दुसरं कोणी येऊन बसते, अन् पुढच्या वेळी तेवढाच सलग पट्टा सापडत नाही. टोटल अन् यूज्ड पाहून जागा आहे वाटते, चंक पाहिला तं नाही. मोठे बफर बूट झाल्याबरोबर एकदाच घ्यायचे अन् बंद होईपर्यंत धरून ठेवायचे. आम्ही बफर धरणारी प्रोसेस वेगळी ठेवतो, मोजमाप करणारी वेगळी. मोजमापवाली पडली तरी बफर जागेवरच राहतात.

हिंगणा_लाइन

कळवतो. ड्रायव्हर बायर देतो, फक्त कंपनीच्या उदाहरण-कोडमध्ये आरजीबी लिहिलेलं होतं. फॉरमॅट बदलला, चारही कॅमेरे सुरू. व्हीमॅलॉकयूज्ड ५६०२८ केबी, ताईंनी काढलेला आकडा केबीपर्यंत जुळला! वऱ्हाडी भाऊंचं ऐकून बफर धरणारी प्रोसेस वेगळी केली आहे. रिकाम्या रोलरवर रात्रभर चालवून बघतो, मग फळ टाकू.

पुढचा प्रश्न. मालकांना पुढच्या हंगामात हा संगणक काढून ६४ बिटचा छोटा एआरएम बोर्ड बसवायचा आहे, कॅमेरे थेट बोर्डाला. तिथे हा त्रास उरणारच नाही ना?

अंबाझरी६४

पत्त्यांचा उरणार नाही. ६४ बिट एक्स८६ लिनक्सवर मेमइन्फोत व्हीमॅलॉकटोटल ३४३५९७३८३६७ केबी दिसतं, म्हणजे ३२ टीबी. ६४ बिट एआरएमवरही तुमच्या कामासाठी पत्ते संपायचे नाहीत.

सलगपणाचा मात्र उरतो, आणि कॅमेरा थेट बोर्डाला म्हणजे तो नक्की भेटेल. अशा अनेक बोर्डांवर कॅमेऱ्याच्या डीएमएला विखुरलेली पानं जोडून दाखवणारा आयओएमएमयू नसतो. त्याला भौतिक रॅमच सलग लागते, व्हीमॅलॉकचे क्रमांक त्याला दिसत नाहीत. कर्नल पानं सरकवून जागा सलग करू शकतो, ते कॉम्पॅक्शन मेल गोर्मन यांनी २.६.३५ मध्ये, २०१० साली आणलं. पण ऐन गर्दीत ते वेळेवर होईल अशी खात्री नाही.

धरमपेठची_लेक

त्यासाठी सीएमए आहे, २०१२ मध्ये कर्नल ३.५ सोबत आला. बूट होताना रॅमचा एक सलग पट्टा राखून ठेवतो. कॅमेरा बंद असेल तेव्हा हलवता येण्यासारखी पानं तिथे राहू देतो, कॅमेऱ्याने मागितलं की त्यांना दुसरीकडे सरकवतो. पट्टा किती हवा ते बूट ओळीत 'सीएमए=१२८एम' असं लिहायचं किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये ठरवायचं. तुमचे सोळा बायर बफर ४८ एमबीचे. पण बोर्डावरचं डिस्प्ले आणि व्हिडिओ एन्कोडर त्याच पट्ट्यातून घेतात, म्हणून ६४ वर भागवू नका.

बोर्ड विकत घेण्याआधी कोणाकडून तरी त्याच्या मेमइन्फोतले 'सीएमएटोटल' आणि 'सीएमएफ्री' मागवा, कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही चालू असताना घेतलेले. बोर्ड ठरला की ते आकडे इथेच टाका, हिशेब करून देते.